नव्या बेसबॉल संघाचा सुरुवातीचा इतिहास कसा लिहावा : न्यू यॉर्क मेट्स, १९६० ते १९६९

न्यू यॉर्क मेट्सच्या पहिल्या हंगामावरचे बहुतेक लेख १२० पराभवांपासून सुरू होतात आणि लगेच मॅनेजर केसी स्टेंगलच्या किश्श्यांवर येतात. किस्से गोड आहेत, पण संघ हरला का, हे त्यातून कळत नाही. लीगने वाढवून घेतलेल्या कोणत्याही संघाचा, म्हणजे एक्स्पान्शन टीमचा, इतिहास लिहायचा तर आधी खेळाडू कुठून आले, किती डॉलरला आले आणि पुढे कोणाच्या बदल्यात गेले, याचा हिशेब मांडावा लागतो. तो नीट मांडला की १२० पराभवांचं कारण सापडतं आणि १९६९ च्या विजेतेपदाचा एक धागाही त्यातच सापडतो. हीच रीत मेट्सचं उदाहरण घेऊन पुढे दिली आहे. सिअ‍ॅटल पायलट्स, माँट्रियल एक्स्पोज, टोरोंटो ब्लू जेज यांनाही ती तशीच लागू पडते.

तयारी साधी आहे. एका स्प्रेडशीटमध्ये चार पानं करा : तारखा, खेळाडू, सामने आणि व्यवहार. रोजच्या सामन्यांसाठी रेट्रोशीट ही मोफत साइट वापरा, हंगामाच्या आकड्यांसाठी बेसबॉल-रेफरन्स. किश्शांच्या पडताळणीला त्या दिवसाच्या आणि दुसऱ्या दिवसाच्या वर्तमानपत्रांची जुनी पानं लागतात. चाळीस वर्षांनंतरच्या आठवणी सर्वांत शेवटी वाचा, नाहीतर आकडे पाहतानाही डोक्यात किस्साच घोळत राहतो.

तारखांचं पान

संघाचा जन्म कधी झाला, या प्रश्नाला एक उत्तर नसतं. लीगने मंजुरी दिली तो दिवस, नाव जाहीर झालं तो, खेळाडू मिळाले तो आणि पहिला सामना झाला तो, असे चार दिवस वेगवेगळ्या ओळींत लिहा. मेट्ससाठी ते आहेत १७ ऑक्टोबर १९६०, ८ मे १९६१, १० ऑक्टोबर १९६१ आणि ११ एप्रिल १९६२. ‘स्थापना’ असा एकच शब्द वापरून मोकळं झालात तर पुढे वर्षं मोजताना हमखास एकाची चूक होते.

प्रत्येक तारखेसमोर तिचं कारण लिहा. १९५७ चा हंगाम संपला आणि डॉजर्स ब्रुकलिन सोडून लॉस एंजेलिसला गेले, जायंट्स सॅन फ्रान्सिस्कोला. बेसबॉलच्या दोन मोठ्या लीग होत्या, अमेरिकन आणि नॅशनल. त्यांतल्या नॅशनल लीगचा एकही संघ न्यू यॉर्कात उरला नाही. मग विल्यम शे या वकिलाने पुढाकार घेतला आणि जुलै १९५९ मध्ये काँटिनेंटल लीग नावाची तिसरी लीग जाहीर झाली. तिचे अध्यक्ष होते ब्रँच रिकी, जॅकी रॉबिन्सनला डॉजर्समध्ये आणणारे. या लीगचा एकही सामना झाला नाही, तरी तिच्या धाकाने काम झालं. जुन्या दोन्ही लीगनी नवे संघ घ्यायचं कबूल केलं आणि ऑगस्ट १९६० मध्ये काँटिनेंटल लीग गुंडाळली गेली. नॅशनल लीगने न्यू यॉर्क आणि ह्यूस्टन ही दोन शहरं घेतली.

इथे एक फरक नीट टिपा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. अमेरिकन लीगने घाई केली. डिसेंबर १९६० मध्ये ड्राफ्ट, म्हणजे नव्या संघांनी जुन्यांच्या याद्यांतून खेळाडू निवडणं, आणि एप्रिल १९६१ मध्ये खेळ. नॅशनल लीगने एक वर्ष जास्त घेतलं. ते वर्ष नव्या संघांना तयारीला मिळालं, तसंच जुन्या आठ संघांनाही आपल्या याद्या आवरून ठेवायला मिळालं.

सामन्यांची संख्याही याच पानावर लिहून ठेवा. आठ संघांच्या लीगमध्ये सात प्रतिस्पर्ध्यांशी प्रत्येकी २२, म्हणजे १५४ सामने होत. दहा संघ झाले तेव्हा नऊ जणांशी प्रत्येकी १८, म्हणजे १६२. अमेरिकन लीगमध्ये हा बदल १९६१ मध्ये झाला, नॅशनलमध्ये १९६२ मध्ये. १९६१ च्या दोन लीगची तुलना करताना पराभवांची संख्या घेऊ नका, टक्केवारी घ्या. शिवाय गट पडले ते १९६९ मध्ये. त्याआधी दहावा क्रमांक म्हणजे शेवटचा.

खेळाडूंचं पान

इतिहासाचा गाभा इथे आहे, तेव्हा वेळ इथेच घालवा.

आयपीएलचा लिलाव डोळ्यांसमोर असेल तर तो बाजूला ठेवा. लिलावात नव्या संघाच्या हातात जुन्यांइतकेच पैसे असतात आणि बोलीही बरोबरीने लावता येते. २०२२ मध्ये गुजरात आणि लखनौला तर लिलावाआधीच तीन-तीन खेळाडू निवडता आले होते. मेट्सच्या वेळी किंमत ठरलेली होती आणि कोणाला विकायचं ते विकणाराच ठरवत होता.

ड्राफ्ट १० ऑक्टोबर १९६१ रोजी सिनसिनाटीत झाला. वर्ल्ड सिरीज, म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांमधली अंतिम मालिका, आदल्याच दिवशी तिथे संपली होती. नियम असे : आठही जुन्या संघांनी पंधरा-पंधरा नावांची यादी द्यायची, त्यातली सात मुख्य पथकातली. नव्या संघाने प्रत्येक जुन्या संघाकडून बरोबर दोन खेळाडू घ्यायचे, म्हणजे सोळा, प्रत्येकी ७५,००० डॉलरला. मग हवे असतील तर आणखी काही, ५०,००० ला. शेवटी खास यादीतले चार, प्रत्येकी १,२५,००० ला, आणि या यादीतून जुन्या संघाचा एकच माणूस जाणार.

स्तंभ असे करा : नाव, कोणत्या संघाकडून, किंमत, १९६२ मधलं वय, मैदानातली जागा, संघात कधीपर्यंत, कोणाच्या बदल्यात गेला. वय ३० जूनला धरा. बेसबॉल-रेफरन्स तसंच धरते, त्यामुळे आकडे जुळतात.

मेट्सने २२ जण घेतले. जायंट्सकडून कॅचर होबी लँड्रिथ आणि रे डेव्हिओ, डॉजर्सकडून गिल हॉजेस आणि रॉजर क्रेग, रेड्सकडून गस बेल आणि एलिओ चाकोन, पायरेट्सकडून अल जॅक्सन आणि जो क्रिस्टोफर, ब्रेव्हजकडून फेलिक्स मँटिया आणि जॉन डिमेरिट, कार्डिनल्सकडून क्रेग अँडरसन आणि ख्रिस कॅनिझारो, कब्जकडून सॅमी टेलर आणि एड बुशे, फिलीजकडून चू-चू कोलमन आणि बॉबी जीन स्मिथ. हे झाले सोळा. ५०,००० चे दोन : शर्मन जोन्स आणि जिम हिकमन. खास यादीतले चार : जे हुक, बॉब मिलर, डॉन झिमर, ली वॉल्स.

पान भरलं की दोन ताळे करा. पहिला, सोळा जणांत प्रत्येक जुन्या संघाची बरोबर दोन नावं आली पाहिजेत. एकाची तीन आली तर ५०,००० चा किंवा खास यादीतला माणूस चुकून नेहमीच्या सोळांत शिरला आहे. ही चूक फार वेळा होते, कारण बऱ्याच ठिकाणी सगळी नावं एका ओळीत छापलेली असतात. दुसरा ताळा पैशांचा : १६ गुणिले ७५,००० म्हणजे १२ लाख, २ गुणिले ५०,००० म्हणजे १ लाख, ४ गुणिले १,२५,००० म्हणजे ५ लाख. एकूण १८ लाख डॉलर. ह्यूस्टनने ५०,००० चे तीन घेतले, म्हणून त्यांचे २३ खेळाडू आणि १८.५ लाख. दोन्ही बेरजा जुळल्या की पान पक्कं समजा.

आता वयाचा स्तंभ उतरत्या क्रमाने लावून पाहा. हॉजेस ३८, बेल ३३, क्रेग ३२, झिमर ३१. ड्राफ्टनंतर विकत घेतलेला रिची अ‍ॅशबर्न ३५, फ्रँक थॉमस ३३. ली वॉल्स डॉजर्सकडे गेला आणि बदल्यात आला चार्ली नील, वय ३१. हॉजेस, क्रेग, झिमर, नील हे सगळे ब्रुकलिनच्या प्रेक्षकांचे ओळखीचे चेहरे. क्लबचे प्रमुख जॉर्ज वाइस आणि स्टेंगल दोघेही यांकीजमधून आलेले, १९६२ च्या जुलैत स्टेंगल ७२ वर्षांचा झाला. जुने चाहते मैदानात परत यावेत, हा या निवडीमागचा हेतू नावांवरूनच दिसतो. धंद्याच्या दृष्टीने तो चुकीचा म्हणता येणार नाही. खेळाच्या दृष्टीने त्याची किंमत किती पडली, हे शेजारच्या संघाशी तुलना केल्यावर कळतं.

ह्यूस्टनशी तुलना

‘जुन्यांनी भंगार दिलं म्हणून मेट्स हरले’ हे वाक्य सगळीकडे वाचायला मिळतं. ते अर्धंच खरं आहे आणि ते तपासायची सोय इतिहासानेच करून ठेवली आहे. त्याच दिवशी, त्याच याद्यांतून, त्याच दराने ह्यूस्टन कोल्ट फॉर्टी-फाइव्हजनेही खेळाडू घेतले होते. हाच क्लब पुढे अ‍ॅस्ट्रोज झाला. याद्याच सगळ्याला कारण असत्या तर दोघांची गत सारखीच व्हायला हवी होती. प्रत्यक्षात ह्यूस्टन ६४ विजय आणि ९६ पराभवांसह आठवं आलं, मेट्स ४० आणि १२० सह दहावे.

फरक कुठे पडला, ते धावांवरून बघा. मेट्सने ६१७ धावा केल्या, ह्यूस्टनने ५९२. म्हणजे फलंदाजीत मेट्स थोडे पुढेच होते. दिलेल्या धावा मात्र मेट्सच्या ९४८ आणि ह्यूस्टनच्या ७१७. सगळी घसरण इथे आहे, पिचिंगमध्ये (चेंडू टाकण्यात) आणि क्षेत्ररक्षणात. मेट्सच्या क्षेत्ररक्षणातल्या चुका २१० होत्या. म्हातारा झालेला फलंदाज चेंडू अजून बऱ्यापैकी मारतो, पण त्याचे पाय आधी थकतात, आणि ते या आकड्यांत दिसतं.

नशिबाचा वाटा वेगळा काढण्यासाठी एक सोपं गणित आहे. केलेल्या धावांचा वर्ग घ्या. त्याला केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांच्या बेरजेने भागा. आलेल्या अपूर्णांकाला सामन्यांच्या संख्येने गुणा. मेट्स : ६१७ चा वर्ग ३,८०,६८९, ९४८ चा वर्ग ८,९८,७०४, बेरीज १२,७९,३९३, भागाकार ०.२९७५, गुणिले १६०, उत्तर साधारण ४७.६. ह्यूस्टन : ३,५०,४६४ भागिले ८,६४,५५३, गुणिले १६०, उत्तर ६४.९. ह्यूस्टनचे खरे विजय ६४ होते, म्हणजे गणित चोख बसलं. मेट्सचे ४८ च्या आसपास व्हायला हवे होते, झाले ४०. म्हणजे सात-आठ सामने दैवाने किंवा शेवटच्या इनिंगमधल्या ढिलाईने गेले. बाकी ११२ पराभव मात्र संघाच्या मूळ ताकदीतूनच आले. काही जण वर्गाऐवजी १.८३ हा घात वापरतात. उत्तर दोन-तीन विजयांनी बदलतं, निष्कर्ष तोच राहतो. कोणता घात वापरला ते मात्र लेखात लिहा.

इथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे : मेट्सचं घरचं पोलो ग्राउंड्स हे मैदानच धावांचं होतं. डाव्या रेषेवर सीमा २७९ फूट, उजवीकडे २५८. मध्यभागी मात्र ४८० फुटांच्या पुढे. तेव्हा घरचे आणि बाहेरचे सामने वेगळे मोजा. घरी मेट्स २२ जिंकले, ५८ हरले. बाहेर १८ जिंकले, ६२ हरले. परक्या मैदानांवरही हीच दशा होती, त्यामुळे सगळा दोष मैदानाच्या माथी मारता येत नाही. धावांची तुलना करताना मात्र मैदानाचा उल्लेख केलाच पाहिजे.

आणखी एक मोजमाप हाताशी ठेवा. १९६१ पासून १९९८ पर्यंत दोन्ही लीगमध्ये मिळून चौदा नवे संघ आले. मेट्स सोडून बाकी तेरांच्या पहिल्या हंगामातल्या विजयांची सरासरी ६२ येते. सर्वांत वर १९६१ चे लॉस एंजेलिस एंजल्स, ७०. तळाला १९६९ चे एक्स्पोज आणि सॅन डिएगो पाद्रेज, प्रत्येकी ५२. नवा संघ हरणारच, हे खरं. पण चाळीसवर येऊन थांबणं नव्या संघातही नेहमीचं नाही.

सामन्यांचं पान

रेट्रोशीटवरून तारीख, मैदान, धावा, ज्याच्या नावावर विजय किंवा पराभव लागला तो पिचर आणि प्रेक्षक असे स्तंभ उतरवून घ्या. ओळी १६१ भराव्यात. ४० अधिक १२० म्हणजे १६०, एक सामना बरोबरीत सुटला आणि एक झालाच नाही. बरोबरीचा सामना क्रमवारीत धरत नाहीत, पण त्यातले खेळाडूंचे आकडे धरतात. तुमची खेळाडूंची बेरीज जुळत नसेल तर आधी ही ओळ तपासा.

पहिल्या स्थानापासूनचं अंतरही स्वतः काढा. जायंट्स १०३-६२, मेट्स ४०-१२०. विजयांतला फरक ६३, पराभवांतला ५८, बेरजेचे अर्धे ६०.५. जायंट्सचे सामने १६५ का, असा प्रश्न पडेल. डॉजर्सशी बरोबरी झाल्यामुळे तीन निर्णायक सामने जास्त खेळले गेले आणि त्या काळी ते नियमित हंगामातच मोजत.

पहिला सामना ११ एप्रिलला सेंट लुईसमध्ये झाला, ११-४ अशी हार. आदल्या दिवशीचा पावसाने वाहून गेला होता, म्हणून काही ठिकाणी १० एप्रिल छापलेलं आढळतं. पहिल्याच इनिंगमध्ये समोरच्यांचा धावपटू तिसऱ्या बेसवर असताना क्रेगच्या हातून चेंडू निसटला, पंचांनी बॉक (पिचरचा नियमभंग) दिला आणि धाव गेली. मेट्सचा पहिला होम रन (कुंपणापार फटका) हॉजेसचा. घरचा पहिला सामना १३ एप्रिलला, पायरेट्सकडून ४-३ अशी हार. ओळीने नऊ हरल्यावर २३ एप्रिलला पिट्सबर्गमध्ये जे हुकने ९-१ असा पहिला विजय मिळवून दिला.

घरच्या पहिल्या सामन्यात एक सापळा आहे. शे स्टेडियम या नव्या मैदानातला पहिला सामना १७ एप्रिल १९६४ चा. तोही पायरेट्सशीच, तोही ४-३ असाच हरलेला. ही दोन वर्णनं एकमेकांत मिसळलेले परिच्छेद पुन्हा पुन्हा दिसतात. पिचर पाहा : १९६४ ला सुरुवात जॅक फिशरने केली, आणि १९६२ मध्ये तो मेट्समध्ये नव्हताच.

पिचरांच्या पराभवांची बेरीज करून ठेवण्यासारखी आहे. क्रेग २४, जॅक्सन २०, हुक १९, अँडरसन १७, मिलर १२. पाच जणांचे मिळून ९२. क्रेगने त्याच हंगामात १० विजयही मिळवले, संघाच्या एकूण विजयांचा चौथा हिस्सा. ‘२४ पराभव’ एवढंच लिहिलं तर त्याच्यावर अन्याय होतो. इतक्या वेळा हरायला इतक्या वेळा मैदानात उभं राहावं लागतं, आणि मॅनेजर दर चौथ्या-पाचव्या दिवशी चेंडू ज्याच्यावर विश्वास असतो त्याच्याच हाती देतो.

‘आधुनिक काळातले सर्वाधिक पराभव’ हे बिरुद मेट्सला आता लावू नका. २०२४ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्स १२१ सामने हरले. जुना मजकूर उचलताना ही चूक सहज होते.

किस्सा कसा तपासायचा

एक किस्सा जवळून पाहू. मेट्सच्या मार्व्ह थ्रोनबेरीने ट्रिपल (तिसऱ्या बेसपर्यंत नेणारा फटका) मारला, तिसऱ्या बेसवर पोहोचला, पण पहिल्या बेसला पाय न लावल्यामुळे बाद ठरला. स्टेंगल भांडायला निघाला तेव्हा कोचने त्याला सांगितलं की दुसऱ्या बेसलाही त्याचा पाय लागला नव्हता.

आधी तारीख शोधा : १७ जून १९६२, पोलो ग्राउंड्स, कब्जविरुद्ध, दोन सामन्यांपैकी पहिला. बॉक्स स्कोअर (सामन्याच्या आकड्यांचा तक्ता) उघडलात तर थ्रोनबेरीच्या नावावर तो ट्रिपल दिसणार नाही. म्हणून किस्सा खोटा ठरत नाही. नियमच असा आहे की फलंदाज पहिला बेस चुकल्यामुळे बाद झाला तर त्याला हिट मिळत नाही, फक्त एक पाळी खर्ची पडते. त्यामुळे इथे बॉक्स स्कोअर पुरत नाही, चेंडूगणिक नोंद उघडावी लागते. तिच्यात बेसवरच्या दोघांनी पूर्ण केलेल्या धावा आणि थ्रोनबेरीचं बाद होणं दोन्ही दिसतं. पुढच्याच फलंदाजाने, चार्ली नीलने, होम रन मारला. सामना मेट्स ८-७ असा हरले. थ्रोनबेरी तिसऱ्या बेसवर उभा असता तर नीलच्या फटक्यावर एकाऐवजी दोन धावा आल्या असत्या. हरण्याचं अंतर एका धावेचं होतं. हसण्यावारी नेलेल्या चुकीची किंमत नोंदीत अशी दिसते.

पहिल्या बेसचं अपील ही नोंदीतली गोष्ट, ती तथ्य म्हणून लिहा. दुसऱ्या बेसला पाय न लागणं ही सांगितलेली गोष्ट, ती ‘असं सांगतात’ म्हणून लिहा. कारण अपील एकाच बेसचं झालं आणि पंचांचा निर्णयही तेवढाच. दोन्ही एका वाक्यात जोडू नका.

त्याच सामन्यात कब्जच्या लू ब्रॉकने मध्यभागाच्या दूरच्या प्रेक्षागृहात होम रन टोलवला, आणि दुसऱ्या दिवशी ब्रेव्हजच्या हँक अ‍ॅरनने तिथेच चेंडू पोचवला. ४८० फुटांचा उल्लेख लेखात करणार असाल तर त्याच्या शेजारी या दोन तारखा ठेवा, वाचकाला अंतराचा अंदाज येतो.

नावांचे घोळ

१९६२ च्या मेट्समध्ये बॉब मिलर नावाचे दोन पिचर होते, एक उजव्या हाताचा, एक डाव्या. १,२५,००० डॉलरचा आणि १ विजय, १२ पराभवांचा तो उजव्या हाताचा. फ्रँक थॉमस (त्या हंगामात ३४ होम रन) आणि १९९० च्या दशकात व्हाइट सॉक्सकडून गाजलेला फ्रँक थॉमस हे वेगळे. वॉशिंग्टन सेनेटर्स तर दोन क्लबांचं नाव : जुना १९६१ मध्ये मिनेसोटाला गेला, नवा त्याच वर्षी वॉशिंग्टनमध्ये आला. स्प्रेडशीटमध्ये नुसतं नाव न लिहिता प्रत्येकाला साइटवरचा ओळख-संकेत जोडा, म्हणजे हे घोळ सुरुवातीलाच टळतात.

हॅरी चिटीची ओळ स्वतंत्र लागते. एप्रिल १९६२ मध्ये ‘नंतर ठरवू त्या खेळाडूच्या’ बोलीवर तो क्लीव्हलँडहून आला, आणि जूनमध्ये ठरवून पाठवलेला खेळाडू तोच निघाला. ‘कोणाच्या बदल्यात’ या स्तंभात त्याचंच नाव येतं. शीट ते चूक म्हणून दाखवेल, खोडू नका. याच बोलीवर थ्रोनबेरी मे महिन्यात बाल्टिमोरहून आला आणि जूनमध्ये बदल्यात गेला होबी लँड्रिथ. मेट्सने ड्राफ्टमध्ये उचललेला पहिला माणूस दोन महिन्यांत संघाबाहेर.

प्रेक्षक

१९६२ मध्ये ९,२२,५३० जण आले. पुढच्या वर्षी १०,८०,१०८. नवं स्टेडियम उघडलं त्या १९६४ मध्ये १७,३२,५९७, आणि त्या वर्षीही १०९ पराभव. आजच्या आकड्यांशी थेट तुलना करू नका. नॅशनल लीग तेव्हा फाटकातून आत आलेली माणसं मोजत असे, आज विकलेली तिकिटं मोजतात. दिवसवार पाहिलंत तर डॉजर्स किंवा जायंट्स आले की आकडा उसळतो. ३० मे १९६२ ला डॉजर्सविरुद्धच्या दोन सामन्यांना ५५,७०४ लोक होते, हंगामातल्या एकूण गर्दीच्या सहा टक्के एकाच दिवशी. पाच वर्षांपूर्वी गेलेला आपला संघ पाहायला शहर लोटलं होतं. वाइसचा हिशेब तेवढ्यापुरता बरोबर होता.

व्यवहारांचं पान

सुरुवातीचा इतिहास कुठे थांबवायचा, ते पहिल्या ड्राफ्टचा माल कधी संपला यावरून ठरवा. मेट्सचे विजय वर्षागणिक असे : ४०, ५१, ५३, ५०, ६६, ६१, ७३. सात वर्षांत ३९४ विजय, ७३७ पराभव. मग १९६९ मध्ये १०० विजय आणि बाल्टिमोर ओरिओल्सवर ४-१ अशी वर्ल्ड सिरीज.

विजेत्या संघातल्या प्रत्येकासमोर तो कसा आला ते लिहा. १९६५ पासून हौशी खेळाडूंचा ड्राफ्ट सुरू झाला आणि शेवटी असलेल्या संघाला आधी निवड मिळू लागली. नोलन रायन त्याच वर्षी बाराव्या फेरीत आला. टॉम सीव्हर मात्र ड्राफ्टमधून आला नाही. ब्रेव्हजने त्याच्याशी केलेला करार बेसबॉलच्या कमिशनरने रद्द केला, तेवढेच पैसे द्यायला तीन क्लब तयार झाले, आणि एप्रिल १९६६ मध्ये टोपीतून चिठ्ठी निघाली ती मेट्सची. नवं धोरण आलं म्हणून सगळं सुधारलं असंही लिहू नका. १९६६ मध्ये पहिली निवड हाती असताना मेट्सने स्टीव्ह चिलकॉटला घेतलं, आणि दुसऱ्या निवडीवर पुढे गाजलेला रेजी जॅक्सन दुसरीकडे गेला.

१९६१ च्या ‘२२ जणांपैकी १९६९ मध्ये कोणीच नव्हतं’ हे वाक्य मोहात पाडणारं आहे, पण चुकीचं आहे. अल जॅक्सन १९६५ अखेर कार्डिनल्सकडे गेला, १९६८ मध्ये परतला आणि १९६९ च्या जूनपर्यंत मेट्सकडून खेळला. वर्ल्ड सिरीजच्या संघात कोणी नव्हतं, असं लिहिलंत तर बरोबर. गिल हॉजेस तर होताच, आता मॅनेजर म्हणून. १९६२ च्या हंगामात खेळलेला आणि ती वर्ल्ड सिरीजही खेळलेला एकच, एड क्रेनपूल. पहिल्या हंगामाच्या अखेरीस आला तेव्हा तो सतरा वर्षांचा होता.

शेवटी व्यवहारांची साखळी काढा. कोण कोणाच्या बदल्यात गेला ते बाणांनी जोडत जा आणि प्रत्येक बाणावर महिना-वर्ष लिहा. एका सौद्यात तीन-चार माणसं असली तर सगळ्यांची नावं लिहा, नुसतं मोठं नाव लिहिलं की साखळी तुटते. मेट्सची लांब गेलेली एक साखळी जिम हिकमनची आहे. ड्राफ्टमधल्या सर्वांत स्वस्त दराने, ५०,००० डॉलरला घेतलेला हा माणूस १९६६ पर्यंत संघात टिकला. नोव्हेंबर १९६६ मध्ये तो आणि रॉन हंट डॉजर्सकडे गेले, मुख्य मोबदला टॉमी डेव्हिस. डिसेंबर १९६७ मध्ये डेव्हिस आणि जॅक फिशर आणखी दोघांसह व्हाइट सॉक्सकडे गेले. फिशर मेट्सला १९६३ अखेरच्या दुसऱ्या खास ड्राफ्टमधून मिळाला होता, म्हणजे दोन्ही ड्राफ्टचे बाण इथे एकत्र येतात. बदल्यात आले टॉमी एजी आणि अल वाइस. वर्ल्ड सिरीजच्या तिसऱ्या सामन्यात एजीने होम रन मारला आणि मध्यभागी धावत जाऊन दोन झेल घेतले. १६ ऑक्टोबर १९६९ ला पाचव्या सामन्यात, सातव्या इनिंगमध्ये मेट्स ३-२ असे मागे असताना अल वाइसने चेंडू कुंपणापार धाडून बरोबरी केली. साखळीतला शेवटचा बाण तिथे लावा.